बदली खिळे

आमच्या छापखान्यात मोठ्या टाइपाची केस, म्हणजे शिशाच्या खिळ्यांची खणाखणांची पेटी, एकच होती. लग्नपत्रिकेवरची नावं, दुकानाच्या जाहिरातीतली वरची ओळ, एवढ्यापुरती ती उघडायची. त्या टाइपात अख्खी पोथी छापून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आधी कधी आलं नव्हतं. आलं ते घरातलंच. यांची थोरली बहीण धुरपताबाई. मी त्यांना वन्सं म्हणते.

वन्सं पिंगळी स्टेशनावर उतरून पुढं पायवाटेनं जावं लागतं अशा गावात दिलेल्या. त्या दिवशी शनिवार होता. त्यांचाही उपास, माझाही. मी आत दोघींपुरती भगर शिजवत होते आणि त्या पुढच्या खोलीत मशीनशेजारच्या बाकावर भावाशी बोलत बसल्या होत्या.

"अक्षर केवढं पाहिजे म्हणतेस, अक्का?"

वन्संनी अंगठ्याचं नख पुढं केलं. "एवढं."

"एवढ्या अक्षरात गावाची पाटी रंगवतात."

"मंग पाटी समज. म्हाताऱ्या बाया वाचायच्यात, समईच्या उजेडात. आन् पहिली म्हातारी मी."

हे हसले, पण नाही म्हणाले नाहीत. नवसाचं काम होतं आणि नवस कुठला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काही वर्षांमागं वन्संच्या शेतात विहिरीचं खोदकाम चालू असताना दरड कोसळली आणि त्यांचे मालक, मुंजाजीदाजी, खाली अडकले. वर माणसं दोर सोडत होती, माती उपसत होती. वन्सं काठावर बसून पोखर्णीच्या नरहरीला, नरसिंहाला, बोलल्या, की हे जिते वर आले तर दर शनिवारी तुझ्या ओव्या ऐकीन आणि उद्यापनाला पोखर्णीला येऊन त्या माझ्या तोंडानं वाचीन. दाजी वर आले. एक पाय जरा ओढत चालतात, बाकी धडधाकट. ओव्याही घरच्याच होत्या, वन्संच्या आजेसासऱ्यांनी रचलेल्या. ऐकणं सोपं होतं. धाकटी जाऊ बायनाबाई चौथी शिकलेली, ती दर शनिवारी म्हणून दाखवायची. अडचण वाचण्याची. वन्संना तेव्हा एक अक्षर येत नव्हतं.

"ऐकीन एवढंच बोलायचं की, जाऊबाई," बायनाबाई म्हणायची. "वाचीन कशाला बोललात? देवानं काय इचारलं होतं का?"

"तोंडातून गेलं ते गेलं."

"पाठ तर हायेत तुमाला. पाठ म्हणून टाका. पुजारी बी चालतं म्हणायलेत."

"पाठ म्हणीन बोलले न्हाई मी. वाचीन बोलले."

मग गावात सरकारी प्रौढ वर्ग निघाला. शाळेच्या ओट्यावर, दिवेलागणीला. शिकवायला कस्तुराबाई. ही बौद्धवाड्यातल्या, रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या सिताराम गँगमनची लेक, मॅट्रिक झालेली. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव जे झालं त्याला तेव्हा फार महिने उलटले नव्हते. वन्संच्या गावात काही जळलं नाही, पण एकमेकांच्या दारावरून जाताना लोक दुसरीकडं बघायला लागले होते. सुरुवातीला वर्गाला गावातल्या बऱ्याच बाया आल्या. नंतर एकेकीच्या घरून बंदी झाली. वन्संना कुणी बोललं की त्या सांगायच्या, माझा नवस हाय. दाजींना पारावर कुणी छेडलं तर ते म्हणायचे, "मी वर आलो त्याचं भाडं हाय ते. फेडू द्या तिला."

अशा रीतीनं वन्सं शिकल्या. जोडाक्षरांना वेळ लागायचा, पण बोट ठेवून, एकेक अक्षर उचलून, वाचायच्या. म्हणून मोठं अक्षर पाहिजे होतं. वैशाखातल्या नरसिंह जयंतीला पोथ्या पोखर्णीला न्यायच्या, त्यातलीच एक देवापुढं वाचायची आणि बाकीच्या बायांना वाटायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं.

काम हाती घेतल्यावर आमचा कंपोझिटर लिंबाजी पहिल्याच पानाला थांबला. तो बारा महिने डोक्याला टोपी आणि कानाला पेन्सिल लावून खिळे जुळवायचा, आणि तक्रार करायची असली की आधी पेन्सिल काढून ठेवायचा.

"मालक," त्यानं पेन्सिल काढली. "दर ओवीच्या शेवटाला 'शरण लक्ष्मीनरहरी' हाय. एका पानात चार ओव्या. आपल्या केसमध्ये शेंडीफोडे श बोटावर मोजण्याइतके. ल तर लग्नपत्रिकांनीच झिजवून टाकलेत."

"पुण्याहून मागवू."

खिळे ओतणाऱ्या कारखान्याला हे स्वतः पोस्टात जाऊन तार करून आले. पार्सल रेल्वेनं यायचं होतं. रोज सकाळी माझी पूजा चालू असताना हे स्टेशनकडं सायकल काढायचे आणि तुळशीला पाणी घालून मी आत येईपर्यंत हात हलवत परत यायचे. कारखान्यातून निघालंच नव्हतं की वाटेत होतं, कळायला मार्ग नव्हता. इकडं जयंती जवळ आली.

"येईपर्यंत कशानं भागवायचं ते बघू," हे म्हणाले.

मग दोघांनी दुपारभर तेच केलं. मी बाजूला बसून दुसऱ्या कामाच्या कागदांच्या घड्या घालत होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. आधी लिंबाजीनं कमी पडणाऱ्या जागी लहान टाइपातला श बसवला. वळण तेच, पण आकार निम्मा. छापून बघितलं तर दात पडलेल्या तोंडासारखी ओळ दिसायला लागली.

"जागा कोरी सोडू आन् मागून शाईनं हातानं भरू," लिंबाजी म्हणाला.

"सगळ्या प्रतींत? तू भरणार?"

"मी न्हाई म्हणलो, नुसतं सुचवलं."

शेवटी माळ्यावरची जुनी केस खाली आली. हैदराबादचा एक छापखाना बंद झाला तेव्हा सासऱ्यांनी त्याचं सामान घेतलं होतं, त्यातली. त्या छापखान्यात हिंदी पुस्तकं निघत. खिळे उत्तरेकडच्या वळणाचे, पण उंची आपल्या मोठ्या टाइपाला तंतोतंत जुळणारी. रुंदीत थोडा फरक, तेवढा लिंबाजीनं मध्ये पातळ पट्ट्या घालून मिटवला. हे म्हणाले, "बदली खिळा असा पाहिजे की वाचणाऱ्याला बदललाय हे कळूच नये. ओळ हलायला नको आणि वाचणारा अडायला नको."

वाचणारा अडतो का हे बघायला प्रूफ पंडित गुरुजींच्या हातात दिलं. ते शेजारच्या शाळेतले, परीक्षेचे पेपर छापायला आले होते. त्यांनी खिशातून चष्मासुद्धा न काढता खडाखडा पान वाचलं. "ठसठशीत आहे. एक वेलांटी तुटलीय तेवढी बघा." प्रूफ मीही वाचलं. मलाही काही दिसलं नाही. लिंबाजीनं वेलांटी बदलली आणि मशीन सुरू झालं.

पोथ्या शिवून झाल्या तशी वन्संना बोलावलं. त्या आल्या, हातपाय धुतले, पोथीला हळदकुंकू वाहिलं आणि स्वयंपाकघरात माझ्या समोर पाटावर बसल्या. "वैनी, पुरी न्हाई वाचायची बरं का आज. पुरी देवापुढंच. पहिलं पान वाचते नुसतं." पोथी देवापुढं जायच्या आधी शेवटास न्यायची नाही हे आमच्याकडं पाळतात. मी मान डोलावली आणि कणीक मळत ऐकायला लागले.

पहिल्या तीन ओळी बोट ठेवत नीट गेल्या. चौथीवर त्या थांबल्या. बोट उचललं, पुन्हा ठेवलं. मला वाटलं, जोडाक्षर असेल. मी म्हटलं, "शरण."

"शरण हाय हे मला ठावं हाय," वन्सं म्हणाल्या. "पर हे श न्हाई."

"श च आहे, वन्सं."

"न्हाई. खालचा श हाय. हे न्हाई. आन् हे पुढचं लक्ष्मीतलं, हे बी ल न्हाई." त्यांचा आवाज खाली गेला. "कस्तुराबाईनं शिकवलेलं इसरायले का काय मी?"

मी कणकेचे हात पुसले आणि त्यांच्या बोटाखाली बघितलं. बराच वेळ बघितल्यावर दिसलं. आपल्या ल ला मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या असतात. ह्या ल ला उजवीकडं सरळ काना होता आणि डावीकडून एक आकडा येऊन त्याला भिडला होता. श चंही तसंच, डोकं निराळं. एका ओवीत आपला, दुसरीत तो. गुरुजींनी, यांनी, मी, सगळ्यांनी ते वाचलं होतं आणि कुणी बघितलं नव्हतं. आम्हाला शब्द अर्ध्यावरच कळतो, पुढं डोळे अक्षराकडं जातच नाहीत. वन्संचे जायचे.

हे आत आले. लिंबाजी दारात उभा राहिला, पेन्सिल हातात.

"अक्का, दोन्ही एकच. एकाच माणसानं दोन पागोटी घातली असं समज," हे म्हणाले.

"पागोटं न्हाई, तोंडच निराळं हाय."

"हिंदीत असं काढतात."

"मला हिंदी कुठं येतं?"

"अगं, तुला पाठ आहे ना? तेवढ्या जागी पाठ म्हण. कुणाला कळणार आहे?"

वन्संनी भावाकडं नुसतं बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले.

मी म्हटलं, "मी एक प्रत हातानं लिहून देते. मोठ्या अक्षरात, आपल्या वळणात."

"वाटायची एक आन् वाचायची दुसरी?" वन्सं म्हणाल्या. "ज्या बायांना ही देणार त्यातल्या निम्म्या माझ्यासारख्याच. त्या घरी जाऊन इथंच अडणार. त्यांना म्हणू, मी मातर सोपी वाचली?"

लिंबाजीनं घसा साफ केला. "पुन्हा छापायचं तर खिळे पायजेत, मावशी. खिळे न्हाईत. आन् जयंती चार दिवसांवर."

पोथ्यांचा गठ्ठा बांधला. यांनी मला म्हटलं, तू अक्काबरोबर जा, उद्यापनाच्या तयारीला हातभार होईल. मी माझा देव्हारा शेजारणीच्या स्वाधीन केला आणि वन्संबरोबर गाडीत बसले. पिंगळीपर्यंत पोथी मांडीवर उघडी होती आणि त्या त्या एका श कडं बघत होत्या, जसं घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडं बघावं.

गावात पोचल्यावर ओटीवर गठ्ठा ठेवला आणि वन्सं चपला न काढताच वळल्या. "बाईकडं जाते."

बायनाबाई भाकरी थापत होती. "आता? तिकडं? उद्यापन तोंडावर आलं, सोवळ्यातली पोथी घेऊन तिकडं जाता?"

"शिकवलं कुणी मला? तू?"

बायनाबाईनं भाकरी जरा जोरात तव्यावर टाकली. मी वन्संच्या मागून निघाले.

कस्तुराबाईचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला, दारात आंब्याचं झाड. सितारामदादा बाजेवर बसून दोरी वळत होते. कस्तुराबाईनं चहा ठेवला. वन्संनी घेतला. माझा परान्नाचा नेम होता. तो माझा जुना, कुणाच्याच घरचं शिजवलेलं मी घेत नाही, पण त्या दिवसांत त्या घरात नाही म्हटलं की त्याचा अर्थ काय लावला जाईल हे मला कळत होतं. माझी जीभ अडखळली. वन्संच मध्ये म्हणाल्या, "वैनींचा नेम असतोय परान्नाचा. माझ्या घरी बी आपलं आपण रांधून खाती ही."

"मंग झाडाचं चालतं का न्हाई?" सितारामदादांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाडाचा एक आंबा माझ्या हातात दिला. तो मी खाल्ला. गोड होता.

कस्तुराबाईनं पोथी घेतली आणि ओवी सरळ वाचून टाकली. "यात काय अडलं, मावशी?"

"बाई, तुमी बी तसंच वाचलं!" वन्सं जवळजवळ रडकुंडीला आल्या. "बघा की त्या श कडं."

कस्तुराबाईनं बघितलं. मग उठून आत गेली आणि कोनाड्यातून एक पातळ पुस्तक घेऊन आली. वंदनेचं पुस्तक, कडा मऊ पडलेल्या. सितारामदादांनी ते नागपूरला दीक्षाभूमीवरून आणलेलं. तिनं पान उघडून वन्संपुढं धरलं.

"हा बघा. हाच श. 'शील'. ल बी तोच. आमच्या पुस्तकात सगळे असेच हायेत. मी लहानपणी दादाकडून ह्याच्यावरच शिकले. मंग शाळेत गेले तर गुरुजींचा श मला येईना. मार खाल्ला मी त्याच्यापायी."

"मला तर आज बी तो शाळेतला ल वळखू येत न्हाई," सितारामदादा म्हणाले. "मला हाच बरा. काना असलेला. उभा ऱ्हातो नीट." त्यांनी पोथीत डोकावलं. "पर हा नरहरीच्या पोथीत कसा काय शिरला?"

"पुण्याचे खिळे आले नाहीत, म्हणून ह्याला बसवलं," मी म्हटलं.

"म्हंजे बदलीवर." दादा हसले. "आमच्या गँगमध्ये बी तसंच असतंय. कायम माणूस आला न्हाई की बदलीवाला. काम तेवढंच करतो, पर मुकादम त्याला वळखत न्हाई."

वन्सं हसल्या नाहीत. त्या पुस्तकाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, मी ह्याच्यावरून शिकू का? चालंल तुमच्याकडं?"

"आमच्याकडं चालंल. तुमच्याकडं चालंल का?"

वन्संनी पुस्तक मांडीवर घेतलं. "माझा नवस वाचायचा हाय. कशावरून शिकायचं ते मी बोलले न्हाई."

मग त्या तिथंच, ओट्यावर, बोट ठेवून बसल्या. शील. कुशल. मंगल. शांती. कस्तुराबाई एका बोटानं इकडचा श दाखवायची, दुसऱ्या बोटानं पोथीतला. सितारामदादा दोरी वळता वळता मध्येच "मंगल" म्हणून टाकायचे आणि लेक त्यांच्यावर ओरडायची, "दादा, सांगू नका ना!" संध्याकाळी निघताना वन्सं दोन्ही श ओळखत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशीही. मी घरी बसून वाती वळल्या. बायनाबाई मला म्हणाली, "तुमी तरी सांगायचं वैनी, लोक काय म्हणायलेत." मी विचारलं, काय म्हणायलेत. ती म्हणाली, "काही न्हाई. पर म्हणतील."

जयंतीच्या दिवशी पोखर्णीला गर्दी होती. देवाचा जन्म सूर्य मावळताना, त्यामुळे दुपारपासून माणसं येत होती. आम्ही बैलगाडीनं पोचलो. पुजाऱ्यांनी सभामंडपात एका खांबाशी जागा दिली. वन्संनी समई लावली, पोथीला फूल वाहिलं आणि बसल्या. भोवती बायका, गावातल्या आणि पोखर्णीतल्या. बायनाबाई त्यांच्या उजव्या हाताला, मी डाव्या. दाजी खांबाला टेकून, पाय लांब करून. शेजारी नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं, पुरण आणि भात.

वन्सं वाचायला लागल्या. हळूहळू. प्रत्येक अक्षरावर बोट यायचं, मग आवाज. बायकांना ओव्यांची चाल माहीत होती, त्या आपसूक पुढं जायला बघायच्या. पहिलं पालुपद आलं तेव्हा दोघीतिघींनी मिळून "शरण लक्ष्मीनरहरी" म्हणून टाकलं. वन्संनी हात वर केला. "थांबा गं. माझं अजून श वरच हाय." बायका हसल्या आणि थांबल्या. वन्संनी श वाचला. तो बदलीवालाच होता. मग र, मग ण. मग लक्ष्मीनरहरी. पुढच्या ओवीला आपला श आला, तोही वाचला. दोन्हींवर बोट सारखाच वेळ थांबायचं.

पानं उलटत गेली. मुलं कंटाळून उठून गेली. दिवस कलला. शेवटचं पान आलं आणि शेवटून दुसऱ्या ओवीत वन्सं थांबल्या.

त्या पानावर लिंबाजीचे ण सुद्धा संपले होते. तेही त्यानं त्याच जुन्या केसमधून घेतले होते. शिवून झाल्यावर ते पान कुणी उघडलंच नव्हतं, पोथी शेवटास न्यायची नाही म्हणून. कस्तुराबाईकडं सराव झाला तो श आणि ल चा. हा ण म्हणजे र ला पुढं दोन काने, असा. वन्संना तो कधी दिसला नव्हता.

"शर..." वन्सं म्हणाल्या आणि बोट पुढच्या अक्षरावर अडलं.

सगळ्यांना पुढचं येत होतं. मंडपात एक बाई नव्हती जिला येत नव्हतं. वन्संनाही येत होतं. समईची वात तडतडली. माझ्या ओठावर आलं होतं, पण मी पदर तोंडाशी धरला. बायनाबाई चुळबुळली.

"म्हणा की, जाऊबाई. 'शरण'. लोक खोळंबलेत."

वन्संनी पोथी तिच्यापुढं सरकवली. "तू चौथी शिकलीस. हे एक अक्षर सांग. सगळा शब्द नको, हे एकच."

"ण हाय. दुसरं काय असणार?"

"असणार नको. हाय का न्हाई ते सांग."

बायनाबाईनं पोथी समईजवळ नेली. तिची भुवई वर गेली. "र... न्हाई. राा? हे कसलं अक्षर छापलंय भावानं तुमच्या?"

"तेच इचारायले मी."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे बायनाला बी येत न्हाई!" आणि हशा झाला. बायनाबाईचे कान लाल झाले. पण तिनं पोथी खाली ठेवली नाही. तिनं मागचं पान उलटलं, तिथला ण बघितला, पुन्हा पुढं आली. "मागला ण असा न्हाई. हे बघा, तो असा गोल यायलाय." आता वन्संही तिच्या खांद्याला टेकून बघायला लागल्या. दोघींची डोकी एकाच पानावर. मी त्या घरात इतक्या वेळा गेले, ह्या दोघींना इतक्या जवळ बसलेलं मी बघितलं नव्हतं.

"थांबा, थांबा," बायनाबाई म्हणाली. "हेच अक्षर खाली, पुढच्या ओवीत बी हाय. हे बघा, ह्या ओळीत."

"कुठं?"

"हे. 'बाळाचा राखिला'... आन् मंग प्रा, आन् मंग हे."

वन्संनी बोट ठेवलं. "प्रा..."

"काय राखला देवानं बाळाचा? प्रा काय?"

वन्संचं बोट खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर गेलं, पुन्हा खाली आलं. दोन्ही अक्षरं त्यांनी एकमेकांशी ताडून बघितली, बाजारात कापडाचे दोन तुकडे ताडतात तशी.

"दोन्ही एकच हायेत," त्या म्हणाल्या.

"एकच हायेत."

"आन् खाली दुसरं कोणतंच अक्षर बसत न्हाई. ण च बसतोय."

"तेच म्हणायले मी कवापासून."

"तू असणार म्हणायली होतीस. आता हाय म्हण."

"हाय," बायनाबाई म्हणाली. "ण हाय. घ्या."

वन्संनी पोथी आपल्याकडं घेतली. ज्या शब्दावर थांबल्या होत्या तिथून त्यांनी सुरू केलं नाही. त्या ओवीच्या पहिल्या अक्षरावर परत गेल्या आणि तिथून बोट ठेवत आल्या. शर आलं. ण आला. लक्ष्मीनरहरी. मग शेवटची ओवी. तिच्यात ते अक्षर दोनदा होतं, तिथं त्या अडल्या नाहीत, नुसतं बोट जरा घट्ट दाबलं. वाचून झाल्यावर पोथी मिटली, कपाळाला लावली आणि देवाकडं बघून हात जोडले. आत पुजाऱ्यांनी जन्माची घंटा वाजवायला सुरुवात केली होती.

बायकांनी पोथ्या घेतल्या. बायनाबाईनं स्वतःच वाटायला घेतल्या, आणि प्रत्येकीला सांगत होती, "शेवटच्या पानावर र ला दोन काने दिसले तर घाबरू नका, तो ण हाय. आमी बघितलाय."

दाजी खांबाचा आधार घेऊन उठले आणि नैवेद्याच्या ताटावरचं झाकण काढून बघितलं.

"लय वेळ लावलास," ते म्हणाले. "पुरण गार झालं देवाचं."

"पुढच्या साली लवकर वाचीन," वन्सं म्हणाल्या.

"नवस तर फिटला की. आता कशाला?"

"नवस फिटला," वन्सं म्हणाल्या, आणि ताट उचलून देवाकडं निघाल्या. "पर वाचायला आता कुठं यायलंय."